खाणीच्या वाटेनं फेरी

पुतण्याची रेसची गाडी रोजच्या रस्त्यावर इतकी आदळायची, की शेजारी बसून माझ्या दिराची कंबर गेली. गाडी मऊ करायचं काम गावात मलाच जमतं, म्हणून बापलेक माझ्या दारात आले. नवरा गेल्यावर याच दिरानं मला आमच्या गॅरेजातून हाकललं आणि पाटीवरचं भावाचं नावही खरवडलं होतं. ‘बाईचा हात लागला की गाडी बिघडते,’ म्हणाला होता.

मी गाडीला दणके झेलणारे नवे शॉक बसवले. बॉनेटखालचे खटके सैल केले की रस्त्याला मऊ, आवळले की ट्रॅकला कडक. काम झाल्यावर गिऱ्हाइकाला शेजारी बसवून फेरी मारायची आमची रीत. मी खटके आवळले आणि दिराला खाणीच्या वाटेनं नेलं.

‘वहिनी, मऊ करा ओ.’

मी गाडी थांबवली. ‘पाटीचं बोला, भाऊजी.’

‘लावतो. दादाचं नाव उद्याच लावतो.’

‘दादाचं कशाला? ज्या बाईच्या हातानं गाडी बिघडते, तिचं लावा.’

मी पुन्हा गिअर टाकला.

चार खड्डे गेले, तेव्हा आजवर नुसतं वहिनी म्हणणाऱ्यानं माझं नाव घेतलं, ‘सुंद्राबाई गॅरेज. उद्याच.’

मग उतरून मी खटके सैल केले. निम्मेच.