वेंडेलची ओळ

कोरिनने प्रोग्रॅममधली ती ओळ काढून टाकली आणि प्रिंटरने एकाच बाटलीची दोन लेबलं बाहेर टाकली. ओळ परत घातली. एकच लेबल आलं.

"सांगितलं होतं ना?" साहेब असूनही ज्याला कुणी साहेब म्हणत नसे, तो प्रेस्टन पलीकडून म्हणाला. "तिघांनी हात टेकले त्या ओळीपुढे. भुताटकी आहे नुसती!"

ओळ अगदी साधी होती. औषधाच्या दुकानात लेबल छापून झालं, की प्रोग्रॅम आपल्या नोंदीत एक वाक्य लिहायचा: 'मार्लीस, झालं बघ. चल कॉफीला.' ते घालणारा वेंडेल गेल्या हिवाळ्यात वारला. त्याची बायको मार्लीस खिडकीपाशी बसून अजून याच प्रोग्रॅमची चाचणी करत होती. तिच्या पडद्यावर दिवसभर ते वाक्य उमटायचं. कॉफीला मात्र ती आता उठत नसे.

"गिऱ्हाइकं हसतात आपल्याला," प्रेस्टन आवाज खाली आणत म्हणाला. "काढ ती ओळ. तुला कायम करायचं मी स्वतः वर बोलतो."

कोरिनचा भुतांवर विश्वास नव्हता. नोकरी मात्र तिला हवी होती.

तिने शोधलं तेव्हा गोम थ्रेड पूलमध्ये सापडली. थ्रेड पूल म्हणजे प्रोग्रॅमच्या आतल्या हरकाम्यांचा जथा. प्रिंटरच्या दाराशी कुणी ताटकळत नाही. घंटा वाजली की मोकळा असेल तो धावतो. पण हाक एकदाच येते. काम उरकलं की 'पुढच्या घंटेलाही बोलवा' असं पुन्हा सांगून ठेवावं लागतं. इथे ते फार लवकर सांगितलं जात होतं. जुनी घंटा अजून वाजतच असायची, मग तिलाच दुसरा कुणी धावायचा आणि तेच लेबल पुन्हा छापायचा. वेंडेलचं वाक्य लिहिण्यात जो क्षण जाई, तेवढ्यात घंटा थांबे. भूत ते एवढंच.

कोरिनने घंटाच बदलली. एकाने ऐकली की आपसूक गप्प होणारी घातली. ओळ काढून पाहिली. लेबल एकच आलं. तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

खिडकीपाशी मार्लीसच्या पडद्यावर अजून जुनाच प्रोग्रॅम होता; तिथे वाक्य उमटलं. मार्लीसने ते वाचलं आणि मगच ती पुढच्या लेबलाकडे वळली. सगळ्या लेबलांना ती हेच करत होती.

कोरिनने ओळ परत जागच्या जागी ठेवली आणि वर टीप लिहिली: 'ही ओळ काढू नये. लेबलं दुहेरी छापतात.' खोटं लिहिताना तिला लाज वाटली. रिवाजाप्रमाणे काम चाचणीला मार्लीसकडे गेलं.

चाचणीत मार्लीसने कधी कुणाची भीड ठेवली नव्हती. नवऱ्याचं कामसुद्धा तिने कैकदा साभार परत केलेलं. तिने टीप वाचली. एक लेबल छापलं. मग वेंडेलची ओळ काढली आणि पुन्हा छापलं. प्रिंटर एकदाच वाजला.

"काय गं मार्लीस," प्रेस्टनने विचारलं, "निघते का ती ओळ?"

मार्लीसने ओळ परत घातली आणि हातातली दोन लेबलं त्याला दाखवली.

"काढून बघितली. हे बघ, दोन छापतात."

प्रेस्टन कपाळाला हात लावून निघून गेला. मार्लीस कोरिनच्या टेबलापाशी आली.

"चल," ती म्हणाली, "कॉफीला."