एक मूठ नाचणी

"टोप उतरव खाली," शामराव म्हणाले. "ही आंबील आमची पोरं पिणार नाहीत."

जाईबाईने पळी थांबवली नाही. हात थांबला की आंबिलीत गाठी होतात, आणि शामरावांपायी गाठी करून घ्यायला ती काही त्यांची मिंधी नव्हती.

परळच्या त्या शाळेत महिन्यापूर्वीपर्यंत पोरांना भुकटीचं दूध मिळायचं. भुकटी कुठून तरी परदेशातून बोटीने यायची, शिवडीच्या गोदामात पडून कुबट व्हायची, आणि मग कंत्राटदाराच्या लॉरीतून शाळेत. पोरं पोट धरून घरी येत. शेवटी चाळीतल्या बायकांनी ठरवलं, संपाच्या दिवसांत काढतो तशी घरटी रोज एक मूठ काढायची. गावाहून आलेली नाचणी तर घरोघरी होतीच. चाळीच्या पुढच्या ओळीत शामरावांसारखे कोकणातले मराठे, मागच्या ओळीत गेल्या दसऱ्याला बौद्ध झालेली घरं. थैली मात्र एकच. ती मागच्या ओळीतल्या जाईबाईकडे असे. दळायची तीच आणि शिजवायचीही तीच.

हेडमास्तरांनी होकार दिला होता, पण अट घालून. एक जरी तक्रार आली, तरी कंत्राटदाराला परत निरोप जाणार होता. आता ते दारात उभे राहून एकदा टोपाकडे आणि एकदा शामरावांकडे बघत होते.

"तक्रार काय आहे तुमची?" त्यांनी विचारलं.

"हिच्या ओळीतलं धान्य आमच्या पोरांना नको. आमची नाचणी वेगळी शिजवा, आमच्यातली बाई लावा. नाहीतर ती भुकटी बरी."

शामरावांच्या सदऱ्यावर संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला होता. मराठी माणूस सारा एक, असं आदल्या संध्याकाळी सभेत ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. जाईबाईही त्याच सभेत ओरडली होती. तिला असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं, पण ते तिने पदराने नाही पुसलं. टोप उतरवला, कोपऱ्यातली थैली उचलली आणि सगळी नाचणी सुपात ओतली.

"यात तुमच्या घरची मूठ आहे, शामराव. तेवढी निवडून घ्या. उरलेलं मी शिजवते."

मोहरीएवढे तांबडे दाणे. शामरावांनी एक चिमटीत धरून बघितला.

"मस्करी करतेस काय?"

"नाही. बसा ना."

तेवढ्यात शामरावांची बायको राधाबाई आजची मूठ घेऊन आली. दारातूनच तिने सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे न बघता तिने सुपावर मूठ उघडली आणि तळहाताने दाणे तळापासून कालवले. हेडमास्तरांनी शिपायाला मधल्या सुट्टीची घंटा द्यायला आणि पोरांना आंबिलीच्या रांगेत बसवायला सांगितलं.

राधाबाईने सूप उचलून नवऱ्यापुढे ठेवलं.

"निवडा सावकाश," ती म्हणाली. "तुमचं जेवण झाकून ठेवते."