चिंचेचा शेंडा

"विमान लई वर होतं साहेब, घारीएवढं दिसत होतं," सरपंच म्हणाले आणि पारावरच्या सगळ्यांनी एकसाथ माना डोलावल्या.

चौकशीला आलेले हवाईदलाचे दाभाडे मनातल्या मनात हसले. सरावाचं विमान ठरल्या उंचीच्या कितीतरी खाली आणून निनादने ते आपल्याच गावावरून नेलं, अशी तक्रार फोनवर आली होती. फोन करणाऱ्याने नाव सांगितलं नव्हतं. आणि अख्खं गाव आपल्या लाडक्या पायलटसाठी बिनदिक्कत खोटं बोलत होतं.

आता फक्त निनादची आई उरली होती. आईला मुलाविरुद्ध काय विचारायचं, म्हणून दाभाडे अंगणातच घुटमळले. कौसल्याबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि न विचारताच सांगितलं, "गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, सगळ्या उधळल्या. विमान त्या चिंचेला घासूनच गेलं म्हणा ना."

"आई, हे मी लिहून घेतलं तर त्याचं उडणं बंद होईल."

"घ्या लिहून. फोन मीच केला होता."

दाभाडेंनी तांब्या खाली ठेवला.

"लहानपणी ह्याच चिंचेच्या शेंड्यावर जाऊन बसायचा," चिंचेकडे बघत बाई म्हणाल्या. "मी खालनं ओरडले की गुमान उतरायचा. आता माझा आवाज तिथवर पोचत नाही, साहेब. म्हणून तुम्हाला हाक मारली."