अंगात ताप नाही

"ताप नाही, हे किती वेळा सांगू?" आजी डॉक्टरीणबाईंवर जवळजवळ खेकसलीच. "थर्मामीटर लावून लावून पोराच्या काखेला घट्टे पडायची वेळ आली!"

नातू तपासणीच्या टेबलावर मलूल पडला होता. मांडीवर लिंबाएवढं गळू, तरी अंग गार. शेजारी आजीचा मुलगा उभा होता. आईपुढे तो सहसा तोंड उघडत नसे.

या पोराला आजीने तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. जपणारच! थोरला नातू हातचा गेला होता. पोर तापाने फणफणलंय, दवाखान्यात ने, असं आपण जीव तोडून सांगितलं तरी सून ढिम्म हलली नाही, हे आजीने भर कोर्टात शपथेवर सांगितलं होतं. सुनेचं आपलं एकच पालुपद, "ताप नव्हता हो, अंग गार होतं." ताप नसताना कुठे पोर दगावतं? जजसाहेबांनाही ते पटलं नाही. घटस्फोट झाला, धाकटा आजीकडे आला. चांगली जिरली भवानीची!

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. "आजी, घरात चोर शिरला की आरडाओरडा होतो ना? अंगात जंतू शिरले की ताप येतो, तो म्हणजे हा आरडाओरडा. काही मुलांत तो होतच नाही. जन्मजात दोष असतो. अंग गार राहतं आणि जंतू आत बिनबोभाट पसरतात. मला याच्याबद्दल तीच शंका येतेय."

"मग औषध द्या की!"

"रिपोर्टला वेळ लागेल. पण हा दोष सख्ख्या भावंडांत सापडतो. थोरला गेला म्हणालात; तोही असाच गार अंगाने गेला असेल, तर मी थांबणार नाही. आत्ता दाखल करून शिरेतून औषध सुरू करते. थोरल्याला सडकून ताप आला असेल, तर मात्र हे साधं गळू. गोळ्या देते, घरी न्या."

"आणि ताप नसेल तर..." मुलाचा आवाज चिरकला. "तर त्याच्या आईचा..."

"तिचा काही दोष नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नातवाने तिचं बोट धरलं. "आजी, घरी जाऊया ना." याला काही झालं तर आपण जगणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"आई, नीट आठव," मुलगा म्हणाला. "थोरल्याला ताप होता ना?"

आजीने त्याच्याकडे पाहिलं.

"फणफणला होता," आजी दुसऱ्यांदा खोटं बोलली.