वायर आली का?

धाकट्या लेकीला परदेशात मुलगी झाली, त्या वर्षीची गोष्ट. नातीचं तोंड रोज बघायला मिळावं म्हणून काकांनी भाड्याच्या घरात फायबरचं इंटरनेट घ्यायचं ठरवलं.

वायरमन हॉलमधून भिंतीतल्या पाइपात वायर सरकवू लागला. तिचं दुसरं टोक आतल्या खोलीत निघणार होतं, आणि ते धरायला काकू तिथे उभ्या होत्या.

"काकू, आली का?" त्याने हाक मारली.

"आली!" आतून काकूंचा आवाज आला आणि वायर झरझर आत जाऊ लागली.

"हिला भारी घाई," काका हसले. "नातीलाच ओढून आणतेय जणू!"

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं. काकू स्टूल घेऊन आत आल्या.

"हात पोचेना, म्हणून मागच्या दाराने जाऊन शेजारून आणलं. अहो, सुरू नाही ना केलंत?"

वायरमनने वायर घट्ट पकडली. तरी ती त्याच्या मुठीतून आत ओढली जातच राहिली. काकांनी काकूंचं मनगट धरलं.

या वेळी कोणी काही विचारलं नव्हतं. तरी आतून काकूंचाच आवाज आला, अगदी निवांत.

"आली."

नातीचं तोंड न बघताच काकू त्याच संध्याकाळी गेल्या.