झाकलेला डबा

“आतला खाऊ ओळखल्याशिवाय डबा नाई उघडत मी, पोरीहो!” भुलाबाईची गाणी संपली की चांदूर बाजारच्या अंगणात आई बजावायची. आज अकोल्याच्या फ्लॅटमध्ये तोच आवाज रमाच्या गळ्यातून निघाला.

खाऊचा झाकलेला डबा तिनं खळखळ वाजवला. पोरींच्या घोळक्यात तिची चार वर्षांची अवनी होती. स्पीच थेरपी सुरू झाल्यापासून ती सुटा सुटा शब्द बोलू लागली होती, तोही फक्त घरच्यांशी. “शब्द तिच्या तोंडात घालू नका, वाट पाहा,” असं थेरपीच्या मॅडम सांगत. रमा ओठ मिटून वाट पाहत होती. मोठ्या पोरींनी आधी ओळखू नये, एवढंच तिला वाटत होतं.

“साबण!” आकांक्षा ओरडली. दर वर्षी सगळ्यांत आधी ओळखणारी हीच.

“काकू, कारल्याची भाजी!”

“शाळेतले खडू!”

हसून हसून पोरी लोळल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या.

अवनीनं डबा ओढून कानाशी धरला. हलवला.

“आई... चिवडा दे.”

अख्खं वाक्य, तेही साऱ्यांसमोर! रमाला झाकण काही उघडता येईना.

“आकांक्षा, तुले कसं नाई गं ओळखता आलं?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“काकू, तुमच्या चिवड्यातल्या मिरचीच्या फोडणीनं आमाले खाली जिन्यातच ठसका लागला होता,” आकांक्षा ताठ मानेनं म्हणाली. “पण आज नंबर अवनीचा होता ना!”