न झोंबणारे औषध

मुलुंडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर सकाळचे ऊन घाईने येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर टेकून बसे, मग खिडकीच्या जाळीतून गाळल्यासारखे फरशीवर उतरे आणि एकेक लादी ओलांडत श्यामसुंदर दातारांच्या, स्टुलावर पसरलेल्या उजव्या पायापाशी येऊन थांबे. तळव्यावर रुपयाएवढी जखम होती. उन्हात ती दातारांना जवळजवळ देखणी वाटे. निवृत्तीनंतर हाती उरलेली त्यांची ती एकमेव प्रयोगशाळा होती.

अडतीस वर्षे त्यांनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले होते. आता वर्गात त्यांच्या पत्नी, एकट्या पद्मजाबाई उरल्या होत्या, आणि त्यांना दांडी मारण्याची सोय नव्हती.

"या वाटीतलं क्लोराइट म्हणजे क्लोरिनचा एक अणू, ऑक्सिजनचे दोन," दातार म्हणाले. "आम्ल मिळालं की त्यातून क्लोरिन डायऑक्साइड सुटतो आणि जंतूंना..."

"जाळतो. पाठ झालंय माझं," कापूस पिंजत पद्मजाबाई म्हणाल्या. "अकरा वाजता घाटकोपरला जायचंय. स्वरदाने डॉक्टरांकडे नंबर लावलाय."

"लेकीला सांग, रद्द कर. मागच्या खेपेला तो डॉक्टर पायाला काडी टोचून विचारणार होता, कळतंय का म्हणून. हे काय शास्त्र झालं?"

त्या खेपेला ते काडी लागण्यापूर्वीच मोजे चढवून उठले होते.

दीड महिना जखम भरत नव्हती. यात दोष मधुमेहाचा नव्हता, दातारांचा तर नव्हताच. जंतू हट्टी होते. म्हणून दर आठवड्याला ते ढोकळ्यासाठी आणलेल्या सायट्रिक ॲसिडची चिमूट वाढवत गेले. द्रावण आता हळदीच्या पाण्यासारखे पिवळे दिसे आणि घराला तरणतलावाचा वास येई.

त्यांनी बोळा बुडवून जखमेवर दाबला. मग वही उघडून आजच्या तारखेपुढे सुवाच्य अक्षरात लिहिले : झोंबणे – शून्य.

"बाजारातलं कुठलंही औषध लाव, माणूस कळवळतो," ते म्हणाले. "माझ्या द्रावणाला फुंकरसुद्धा लागत नाही. प्रमाण साधणं म्हणतात याला."

पद्मजाबाईंनी ओला बोळा उचलून पिळला. सकाळी दुधी चिरताना विळीने त्यांचे बोट कापले होते. थेंब त्या चिरेत उतरला, आणि वाटी तिथेच टाकून त्या मोरीकडे धावल्या.

बराच वेळ नळ वाहत राहिला.

"झोंबलं?" दातारांनी परीक्षकाच्या आवाजात विचारले.

"नुसती आग उठलीय." बोट पदरात धरून त्या बाहेर आल्या. त्यांनी जखमेकडे पाहिले, मग दातारांकडे. "अहो, माझी एवढीशी चीर. तुमचं तर मांस उघडं आहे. तुम्हाला कसं काहीच होत नाही?"

दातारांकडे उत्तरांची वाण कधीच नव्हती. कातडीची जाडी, द्रावणाची तीव्रता, व्यक्तिपरत्वे सहनशक्ती. त्यांनी वही मिटली.

"त्या पायाचं मला दिवाळीपासून काहीच कळत नाही," ते म्हणाले.